लॉन्ड्रीमागचा फळा

हेंडरसन, नेवाडा
३ मार्च

प्रिय डोरोथिया मे किंबल हिस,

स.न.वि.वि. उत्तराची अपेक्षा नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

तू गेल्यापासून लॉन्ड्रीमागच्या खोलीतली तुझी पोकरची शिकवणी बंद आहे. खोलीचा करार महिनाअखेरीस संपतो. तुझा भाचा वेस्ली ती मागतो आहे आणि प्रथम तुझा फळा पुसणार आहे. त्यावर शिष्यांसाठी तू लिहिलेला नियम अजून आहे: आरंभी बोली तुम्ही वाढवली असेल, तर टेबलावर पहिली तीन पाने उघडताच पुन्हा पैज लावा. लहान लावा, दर वेळी लावा, हे तुझे वाक्य त्याला अडाणीपणाचे वाटते. त्याच्या संगणकातील सॉल्व्हर नावाच्या हिशेबनीसाने कोट्यवधी डाव सोडवून निर्वाळा दिला आहे की, अमुक पानांवर शंभरांतून एकसष्ट वेळा पैज लावावी, उरलेल्या वेळी गप्प बसावे. गप्प कधी बसायचे, असे मी विचारले. तो म्हणाला, काका, ते घड्याळ ठरवतं. सेकंदकाटा सदतिसाच्या आत असला तर पैज; म्हणजे समोरच्याला अंदाज बांधता येत नाही. मी तेहेतीस वर्षे भूमिती शिकवली. मनगटाकडे पाहून निर्णय घेणारे विद्यार्थी मला फक्त तास संपताना आढळले.

मी अट घातली आहे. शनिवारी दुपारी त्याने तुझ्या जुन्या शिष्यांसमवेत बसावे. टिकला तर खोली त्याची. अन्यथा फळा जसाच्या तसा ठेवून शिकवणी मी चालवीन. हसू नयेस.

लोभ होता तसाच, असशील तेथून, असू द्यावा.
तुझा, ऑरिन

११ मार्च

ती. ऑरिनकाकांना,

कृ. सा. न. मी काल हरलो, हे तुम्हाला कळलंच असेल आणि जेवणही गोड लागलं असेल.

ओपलबाईंनी मला सोलून काढलं. एक्क्याऐंशी वर्षांच्या, जन्मभर शाळेची बस चालवलेल्या बाई! म्हणाल्या, बाळा, चांगली पानं आली की तू सरळ पैज लावतोस. मनगट वर केलंस की समजावं, हातात धड काही नाही. वर सगळ्यांदेखत विचारलं, तुझी बस कितीची आहे? काका, सॉल्व्हर चुकला नाही. ज्या पानांत संशय असतो तेवढ्यांनाच घड्याळ लागतं, आणि मी ते जगजाहीर केलं.

पण मावशीचं वाक्य तुम्ही नुसतं म्हणता. खेळलात कधी? एकदा बसा आणि मग खोली घ्या.

रागावलात तरी माया पातळ करू नका.
तुमचा, वेस्ली

२९ मार्च

प्रिय डोरोथिया,

स.न.वि.वि. मी काल बसलो. लहान पैज, दर वेळी, अपवाद नाही. पहिले चार डाव जिंकून मी वेस्लीकडे असे पाहिले, जसे नापास मुलाच्या वडिलांकडे पाहत असे. पाचव्यापासून ओपलबाई माझ्या प्रत्येक पैजेवर दुप्पट-तिप्पट टाकू लागल्या. म्हणाल्या, मास्तर, तुमची पैज म्हणजे जाहिरातीचं टपाल; दारात पडणारच, उघडून कोण बघतंय? तासाभरात माझ्यापुढे एकही चिप उरली नाही.

मग डोरोथिया याच नियमावर इतकी वर्षे कशी जिंकली, असे मी काहीसे चढ्या आवाजात विचारले. टेबलाभोवती सगळे हसले. ओपलबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ते वाक्य तिने आमच्यासारख्या घाबरटांचा हात मोकळा व्हावा म्हणून लिहिलं होतं. ती स्वतः कधी पाळत नसे. ती आमची तोंडं बघायची आणि बऱ्याचदा गप्प बसायची.

एकोणीस वर्षे दर रविवारी मी तुझ्या पुसट अक्षरांवरून खडू फिरवला. एकदाही खुर्ची ओढून तुझा डाव पाहिला नाही. एकेचाळीस वर्षांच्या संसारात माझे तोंड पाहून तू कितीदा गप्प बसलीस, हे कोणत्या सॉल्व्हरला विचारू?

शिकवण्याची पात्रता वेस्लीत नाही आणि माझ्यात तर नाहीच. शिष्यमंडळ यापुढे ओपलबाईंच्या स्वयंपाकघरात जमेल. तेथे आम्हा दोघांना केवळ पाहण्याची परवानगी आहे. फळा मी स्वतः पुसला.

उशिरा शिकणाऱ्यावरही कृपा असावी.
तुझा, ऑरिन

ता.क. दुपारी सव्वातीन वाजता खोलीला कुलूप लावले. दोन्ही किल्ल्या घरमालक श्री. सार्किसियन यांना परत केल्या.