अक्काच्या पांढऱ्या पेशी

८ जुलै
अक्का जळकोटहून आली. ताप हटत न्हाय, मानेत गाठी. मी काम करते त्या लॅबमध्ये रक्त मीच काढलं. मशीननं पांढऱ्या पेशी वाढल्यात एवढं दाखवलं. कुठल्या, ते त्याला ओळखता येईना. काचेवर थेंब पसरला, रंगवला, पाहिलं. मोठाल्या, गडद निळ्या. रक्ताचा कॅन्सर? अक्काला म्हटलं, उद्या आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम बघतील. तर म्हणे, "तू बघितलंस न्हवं? मग झालं." शेतात खपून हिनंच मला शिकवलं.

९ जुलै
मॅडमनी स्लाइड नुसती उजेडाला धरली. "पाणी कुठलं घातलंस?"
रंगात मिसळायचं बफरचं पाणी संपलेलं, शुद्ध पाण्याचा जारवाला आला नव्हता. बोअरचं घातलं. तुळजापुरातलं बोअर! बादल्यांवर पांढरी खपली धरतं ते. त्यानं सगळंच निळंकाळं केलं.
"अगं, या पाण्यात माझ्याही पेशी कॅन्सरच्या दिसतील." हसल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
नवी स्लाइड, नवं बफर. काय सुरेख! लाल पेशी गुलाबी, इओसिनोफिल पेशींतले दाणे केशरी. मोठ्या पेशी शेजारणींना बिलगून बसलेल्या. व्हायरल तापात अशाच दिसतात, मॅडम म्हणाल्या. काही मात्र त्यांना खटकल्या. "इथं नुसत्या डोळ्यावर भागायचं नाही." रक्त पुण्याला, फ्लो सायटोमेट्रीला.

१० जुलै
तिथं काय करतात, विचारलं. मॅडम चहा विसरून सांगत बसल्या. पेशीच्या अंगावरच्या खुणांना चमकणाऱ्या अँटिबॉडी चिकटवायच्या, मग एकेक पेशी लेझरपुढून सोडायची. काय चमकलं त्यावरून पेशी कुठली ते कळतं. काय डोकं लावलंय बाई कुणीतरी!
अक्काला मायक्रोस्कोपमधून दाखवलं. "आत्ता गं बया! ह्या माझ्या?" मग एकीवर थांबली. "ही मोठी लई देखणी हाय." बघते तर, मॅडमना खटकलेल्यातलीच. पाणी आणते म्हणून उठले.

१४ जुलै
रिपोर्ट मॅडमच्या मोबाईलवर आला. त्यांनी मोबाईल पालथा ठेवला. हा त्यांचा शिरस्ताच. दुसऱ्याचं उत्तर वाचायच्या आधी आपली स्लाइड पुन्हा बघायची. "नाहीतर डोळा ऐकलेलंच बघतो. बस. आधी तू सांग."
माझी बहीण आहे हो, ओरडावंसं वाटलं. बाई आहे का दगड! पण खुर्ची त्यांनीच सरकवली, पाठीवर हात ठेवला. हात गार होता.
बसले. ती देखणी शोधली. न घाबरता, नीट बघितली. अशी शिकवणारी बाई दुसरी कुठं मिळाली असती मला? म्हटलं, "व्हायरल वाटतंय."
"बरं," एवढंच म्हणाल्या. आता त्या बघतायत, म्हणून हे लिहितेय. मोबाईल पालथाच.
बाहेर बाकावर अक्का कुणाला तरी सांगतीय, "मला न्हाय घोर. आत माझी बहीण बघतीय."