नालीतल्या पन्न्या

मंगळवार, संध्याकाळ. जठारपेठ, अकोला.

वीस वर्षं कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो आहे. बोलणाऱ्याकडे पाहू नका, त्याचं म्हणणं तपासा, हे दर वर्षी फळ्यावर लिहितो. आणि आज गल्लीच्या मीटिंगमध्ये मी काय केलं?

मंदिरामागची नाली तुंबली आहे. सगळे म्हणाले, फुलवाल्यांचा कचरा. शांताबाई एकट्या उठल्या. रोज सकाळी आमच्याकडे पूजेची फुलं त्याच देतात. झेंडूनं पिवळी झालेली बोटं पदरात गुंडाळत म्हणाल्या, "नालीत फुलं नाई, प्लास्टिकच्या पन्न्या अडकल्या हायेत. चालून पाहून घ्या."

नाली दहा पावलांवर होती. मी बसल्या जागेवरून म्हणालो, "तुमची तं फुलांचीच गाडी हाये बाई, तुमी असंच म्हणसान."

सगळे हसले. मला बरं वाटलं. हेही लिहायलाच पाहिजे.

त्या हसल्या नाहीत. "मी फुलं विकतो हे खरं हाये, सर. पण म्हणून नालीतल्या पन्न्या खोट्या होतात काय?"

मग खाली बसल्या. ती पिवळी बोटं पुन्हा पदरात. तेव्हाच माफी मागता आली असती. मी घड्याळ पाहिलं.

घरी येताना नालीत वाकून बघितलं. पन्न्याच होत्या.

उद्या सहा वाजता त्या फुलं घेऊन दाराशी येतील. आत्ताच बायकोला सांगितलं, "सकाळी फुलं तू घेजो."

"काहून? रोज तं तुमीच घेता."

"गुडघे दुखून राहिले," म्हणालो.

गुडघ्यांना काहीही झालेलं नाही.