फटीतला कापूस

उत्तन, मार्च १९४३

बॉस्को, पोरा,

तुझ्याबरोबर लष्कराचा ट्रक चालवणारा फ्रँक इराणहून रजेवर आलाय. तू थंडीने गेलास असं तारेत होतं. ते खरं न्हाय, हे त्याने आज होडीपाशी उभं राहून मला सांगितलं.

तिकडे बर्फात डिझेलसुद्धा गोठतं म्हणे. केबिनमध्ये वारा शिरायचा, बाकीचे ड्रायव्हर कांबळी पांघरून कुडकुडत बसायचे. तू मात्र दाराच्या, काचेच्या, तळफळीच्या फटीत, आपण होडीला ठोकतो तसा, कापूस ठोकलास, वर ग्रीस फासलंस आणि सगळ्यांना बोलावून दाखवलंस, "बघा, माझ्या बापसाचं काम हाय. मेणबत्तीची वातसुद्धा हलत न्हाय." मग पायाशी निखाऱ्यांचा डबा घेऊन झोपलास. सकाळी फ्रँकने पहारीने दार फोडलं, तेव्हा आत चुलीपाशी असते तशी ऊब होती. तू उठला न्हाईस.

गाढवा, निखारे आत घेऊन कोणी एवढं बंद करतं? पण आपल्या घराच्या कुडातून धूर आपोआप जातो. तो कोंडतो हे तुला कुठून कळणार?

तुझ्या आईला एवढंच सांगितलं, पोर उबेत झोपलं. ती रडली, पण आज पोटभर जेवली.

नवी होडी अर्धीच पडलीय. फटीला कापूस लावतो, छिन्नी टेकवतो, आणि हातोडा उचलवत न्हाय. मी तुला दर्या बाहेर ठेवायला शिकवलं होतं रे. वारा न्हाय.

तुझा बापूस,
ह्युबर्ट