पडद्यामागून सहा गाणी

७ जानेवारी १९७९, रविवार
सहाही गाणी पाठ! गॅदरिंगला यंदा गाण्यांचं नाटक आहे — दहावीतल्या पोरापोरींचं. भैयाजी सरांनी स्वतः लिहिलंय, पेटीवरही तेच. आमच्या वर्गातल्या प्रेमदासचं गाणं तर काय सांगू —
मिशी फुटली, आवाज फुटला,
आरसा विचारी — कोण रे तू?
म्हणताना तो खरंच ओठावर बोट फिरवतो. पण तिथं अजून काही उगवलेलंच नाही! हसून हसून पोट दुखलं.

१० जानेवारी
नायिका कोकिळा. नावाचीच कोकिळा! ती गायला लागली की सर पेटी बंद करतात. म्हणून ती समोर नुसते ओठ हलवणार आणि मी पडद्यामागून गाणार. मला स्टेजवर जायला बाबांची बंदी. "मागूनच म्हणजो गाणे. लोकाईले तोंड नाई दिसलं पाह्यजे."
चालेल! शेवटी माइकवरून नाव घ्यायचं सरांनी कबूल केलंय — 'गायिका, कुमारी अन्नपूर्णा भोयर.' अख्खं वडनेर टाळ्या वाजवेल, बाबा विरघळतील, आणि तेव्हाच मी वर्ध्याला गाणं शिकायला जायचं विचारीन. आई माझ्या बाजूनं बोलणार आहे. तसं वचनच घेतलंय तिच्याकडून.

१४ जानेवारी
संक्रांत. आईला जोडाक्षरं शिकवली. दिवाळीनंतर पाटीवर सुरुवात केली होती, आता माझ्या दुरेघी वहीत लिहिते. अक्षरं खिडकीएवढी! स्वतःचं नाव लिहून झालं की हळूच पदरानं डोळे पुसते.

१८ जानेवारी
तळेगावचे पाहुणे शनिवारी मला पाहायला येणार. बाबा त्यांना गॅदरिंगलाही नेणार म्हणे. मी रडले. आई म्हणाली, "काऊन रडून राह्यली? येतीन अन् जातीन. तू तुह्या गाण्याकडं ध्यान दे."

२१ जानेवारी
लिहायला मन होत नाही.
काल शेवटचं गाणं —
पाटीवरचं पुसून टाकलं, मनावरचं पुसू कसं?
घंटा झाली, निघाले सारे, एकटीनं मी हसू कसं?
असं मी कधीच गायले नव्हते. मग टाळ्या! पडद्याच्या फटीतून पाहिलं — बायकांत आई सगळ्यांत जोरात वाजवत होती. सर माइकवर आले. मी पदर सारखा केला.
"गायिका — कुमारी कोकिळा!"
आणि तिनं नमस्कार केला! गळ्यात पदक घालून घेतलं! माझ्याकडं एकदा तरी बघायचं होतं. चौथीपासूनची मैत्रीण. एका डब्यात जेवलो.

२२ जानेवारी
कोकिळा विहिरीवर आली. पदक माझ्या हातात कोंबत होती. "माय शप्पत, मले सरनं चूप राहाले सांगतलं. तुले नाई सांगू शकत मी." मी पदक शेणाच्या खड्ड्यात फेकलं. विश्वासघातकी! आता त्या नाटकाची एक ओळ तोंडावर आणणार नाही.

२३ जानेवारी
भांडी घासताना तेच गाणं. मनावरचं पुसू कसं. मेलं जातच नाही.

२४ जानेवारी
तळेगावहून होकार आला. पाहुण्यांनी बाबांना विचारलं म्हणे, "ते गाणारी पोरगी कोनाची व्हय?" बाबांनी कोकिळाच्या वडिलांचं नाव सांगितलं. वर्ध्याचं काय, असं मी आईला विचारलं. ती चुलीत फुंकत राहिली.

२५ जानेवारी
आज सरांना गाठलंच. "माझं नाव का नाही घेतलं?" त्यांनी टेबलाच्या खणातून एक चिठ्ठी काढून माझ्यापुढं ठेवली.
'गुरुजी माझ्या पोरीचं नाव घेऊ नका. पाव्हणे बसले राहतीन. नाटकवाली म्हणतीन. तिला सांगू नका.'
माझ्याच दुरेघी वहीचं पान. अक्षरं खिडकीएवढी.