शंकररावांना खरचटलंही नाही

मंगळवार, ११ नोव्हेंबर

पालथा पडून लिहितोय! सरळ पडायची सोय नाही — बुडाला टाके.

काल आमच्या अंबरनाथच्या केमिकल कंपनीत रिअॅक्टर फुटला. मी तिथला सेफ्टी ऑफिसर. कामगारांना सतत ओरडतो — वाफेची शिट्टी ऐकू आली की खिडकीपासून लांब व्हा! काल शिट्टी झाली तेव्हा हे साहेब स्वतः कुठे? खिडकीत! बघायला! ऐन वेळी अक्कल आली, पाठ फिरवली आणि काचा नको तिथे घुसल्या.

कुमुदिनी म्हणते, "पाठ दाखवणाऱ्याला एवढं होणारच." बायको आहे की वैरीण!

बुधवार, १२

माझ्या ट्रेनिंगमध्ये स्फोटाचे चार मार आहेत. हवेचा दाब. उडून आलेल्या वस्तू. माणूस फेकला जाणं. भाजणं आणि धूर. मी दुसऱ्या नंबरात, तेही मागच्या बाजूने. फिटर मुकेश तिसऱ्यात, हात मोडला. ऑपरेटर शंकरराव सगळ्यांत जवळ होते, पण भिंतीआड. त्यांना खरचटलंही नाही! नुसते कानात दडे.

गुरुवार, १३

शंकरराव बारवी धरणाकडच्या त्यांच्या पाड्यावरून मला बघायला आले. वाचले म्हणून अख्खा पाडा त्यांना पेढे भरवतोय. "प्वाट जरा धरलंय, सायेब. ग्वाड लय झालं."

"स्फोटातून वाचलात, आता पेढ्यांनी मराल!" म्हटलं. दोघंही खूप हसलो. माझे टाके ताणले.

शुक्रवार, १४

आज बसलो! अर्ध्या बुडावर.

शनिवार, १५

सोमवारच्या ट्रेनिंगची तयारी करत होतो. पहिलाच मुद्दा — 'दाबाचा मार वरून दिसत नाही. कान, फुप्फुस, आतडं. आतडं काही दिवसांनीही फुटू शकतं.'

वाक्य माझंच! वर्षानुवर्षं पोपटासारखं म्हणतोय.

शंकररावांना फोन लावला. त्यांच्या बायकोने, सुंदराबाईंनी उचलला. "निजलेत. देवाचं कोंबडं केलं व्हतं. जेवान जात नव्हतं, मीच भरवलं. आता प्वाट दगडावानी झालंय."

"गाडीत घाला! आत्ताच्या आत्ता!" मी ओरडलो. टाके गेले खड्ड्यात, रिक्षा करून हॉस्पिटल गाठलं.

रविवार, १६

शंकरराव गेले. आतडं फाटून विष पोटभर पसरलं होतं.

सुंदराबाईंनी एकच विचारलं — "सायेब, माझ्या हातचं खाऊन गेलं का वो?"

नाही म्हणालो. मग रडायलाच लागलो. त्यांनीच मला पाणी आणून दिलं.