न मोडलेला पाव

शनिवार, संध्याकाळ. आखन, जर्मनी.

किळस आली आहे. आमच्या इथल्या मराठी मंडळाची, आणि माझीही. पण माझं नंतर.

दिवाळीच्या कार्यक्रमाला ओक्सानाच्या ग्रुपला मीच बोलावलं. ती माझ्या लॅबमध्ये काम करते आणि सुट्टीच्या दिवशी मुलींना युक्रेनची लोकनृत्यं शिकवते. पहिला नाच स्वागताचा. पुढच्या मुलीच्या हातात भरतकामाच्या कापडावर गोल पाव, वर मिठाची वाटी. पाहुण्याने तुकडा मोडून, मिठाला लावून खायचा, मग नाच पुढे सुरू.

लाल बुटांतली ती पोर गिरक्या घेत आली आणि अध्यक्षकाकांसमोर वाकली. काकांनी माईकवरच विचारलं, "अगं, यात अंडं असेल का?" सगळा हॉल हसला. मग त्यांनी पावाला हात लावून तोच हात कपाळाला लावला आणि पाव शेजारच्या काकूंकडे सरकवला. काकूंनीही तेच केलं. आरतीचं ताट फिरावं तसा पाव अख्ख्या रांगेतून फिरला. एकानेही तुकडा मोडला नाही. ती पोर हात पुढे करून, हसू सांभाळत उभी. गाणं पुन्हा पहिल्यापासून वाजायला लागलं.

शी! हे म्हणे पाहुणचार करणारे लोक!

आल्झो, इथले जर्मन म्हणतात तसं, तर मग आता माझं. रांगेत शेवटची मी होते. सगळे बघत होते. मीही पावाला हात लावून तो हात कपाळाला लावला आणि पाव अख्खाच तिला परत दिला.

त्यात अंडं नव्हतं. काल माझ्याच ओव्हनमध्ये भाजला होता. पीठ मीच मळलं होतं.