फेस फुंकणाऱ्यांचा बंदोबस्त

१८ एप्रिल २०२०, सकाळी ९
आजपासून रोजनिशी. कारण, हात रिकामे आहेत. सर्जेरावचे हात रिकामे राहिले की जालन्याच्या मस्तगडात कुणाचं तरी थोबाड फुटतं, हे सगळ्यांना माहीत आहे. लॉकडाऊनमुळे समोर कुणी येत नाही, म्हणून थोबाडं वाचली.
संकल्प : रोज दोनशे जोर. पहाटे पाचला उठणे. कोरोना संपेपर्यंत कुणालाही न मारणे.
आजचे जोर : अकरा. खांदा धरला.

१९ एप्रिल
रामराव नाश्ता सेंटर बंद. आमच्या आण्णांनी बत्तीस वर्षं चालवलं, आता मी गाजवतो. शटर अर्धं वर करून नुसता आत डोकावलो, तर मागून पोलिसाची काठी. एक पोटरीवर, दोन त्याच्या वर. मी वळून फक्त बघितलं. माझ्या नजरेनं तो चरकला असावा, कारण चौथी काठी तितकी जोरात नव्हती.
बेबीनंदानं हळद गरम करून लावली. बायको म्हणून चांगली आहे. शटर उघडून करायचं काय होतं, असं विचारत होती. तिला धंद्यातलं कळत नाही. पोहे आणि मुरमुऱ्यांची सुशीला तीच करते, ते वेगळं.

४ मे
समोरच्या माडीवर आदिनाथ आलाय. पुण्याला कॉम्प्युटरवर असतो, आता घरूनच नोकरी करतो. सकाळी गॅलरीत उभा राहून वाटीत चमच्यानं काहीतरी बदडत होता. खालून विचारलं. म्हणाला, कॉफी. कॉफी, साखर आणि गरम पाणी सारखं घ्यायचं, चारशे वेळा फेटायचं, घट्ट फेस येतो, तो दुधावर टाकायचा. सगळा देश सध्या हेच करतोय म्हणे.
गल्लीत कान देऊन ऐकलं. खरंच चार घरांतून खटखट येत होती.
चारशे फटके मारल्याशिवाय तयार होत नाही असा पदार्थ जगात आहे, हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही. लोकांना माझं चांगलं बघवत नाही.

५ मे
फेटली. दीडशेव्या फटक्याला काचेची वाटी फुटली. तळवा कापला. फेस आला, पण गुलाबी.
दुसरी स्टीलच्या वाटीत केली आणि बेबीनंदाला दिली. तिनं वरचा फेस फुंकून कडेला सारला आणि खालची कॉफी बशीत ओतून प्यायली. एवढ्या फटक्यांची ही किंमत. मन दुखलं. पण बायकांवर मी हात उचलत नाही. तिचा हात माझ्यापेक्षा जड आहे हे कारण नाही.

१२ जून
शेजारच्या चहावाल्या सलीमभाईशी चर्चा. तो म्हणाला, लोकांना आता घरच्या नाश्त्याची सवय लागली, बाहेर येऊन बाकड्यावर बसून कोण खाणार. मी म्हटलं, बराबर. म्हणजे पोहे मेले. तो म्हणत होता की तसं न्हाई, घरच्यासारखं करून घरी पोचवलं तर... पुढचं मी ऐकलं नाही. त्याला गल्लीच्या पलीकडचं दिसत नाही.
पुण्याची पोरं गावोगावी घरी बसलीत आणि कॉफी मागतायत. ती आता परत जात नसतात. जालना बदललं. मी बदलणार.

६ ऑक्टोबर
हॉटेलं उघडायला परवानगी. पहिलं काम, आण्णांची लोखंडी कढई बाहेर. दोन माणसांनी उचलायची कढई. भंगारवाल्याच्या गाड्यावर चढवली. आमच्याकडं भंगार वाया जात नाही, स्टील मिलमध्ये वितळून सळई होते. मी बेबीनंदाला म्हटलं, आण्णांची कढई कुणाच्या तरी स्लॅबमध्ये अमर होईल.
तिच्या हातात झारा होता. मी चपळाईनं वाकलो, म्हणून डोकं वाचलं आणि कानाला लागला. तीन टाके.
डॉक्टरकडून आलो तेव्हा ती ओट्याशी पाठ करून उभी होती. म्हणाली, "त्या कढईवर तुमच्या आण्णांनी तुमाला मोठं केलं. ती घरात परत येईस्तोवर माझ्यासंगं बोलू नका." मी म्हटलं, बरं. हॉटेल धडाक्यात चाललं की आपोआप बोलेल.
संध्याकाळी सलीमभाई हातगाडीवर गोणपाटाखाली काहीतरी मोठं, गोल ढकलत होता. विचारलं तर म्हणाला, टाकीचं झाकण. एवढं मोठं झाकण कुणी घेतं का. माणूस भोळा आहे.

१९ ऑक्टोबर
सर्जेराव कॉफी हाऊसचं उद्घाटन. औरंगाबादहून जुनी मशीन आणली. भिंतीवर लाल रंगात नियम लिहिले :
फेस फुंकू नये.
बशी मिळणार नाही.
एका कॉफीत दोन करून मिळणार नाही.
आदिनाथ आणि त्याच्यासारखे घरी बसलेले चौघं आले. मोबाइलवर फोटो काढले. जुनी गिऱ्हाइकं दारातून आत बघून गेली. लाजली असणार.
बेबीनंदा बोलली नाही. पहिलाच दिवस आहे.

२१ ऑक्टोबर
पहिली चकमक. बियाण्याच्या दुकानातला एक मुनीम नियमाखालीच बसला आणि फू करून फेस उडवला. तो माझ्या शर्टावर. मी गचांडी धरली आणि बुक्की हाणली. त्यानं हेल्मेट काढलेलं नव्हतं, हे नंतर लक्षात आलं. दोन बोटांना प्लास्टर. हेल्मेट बाहेरून शाबूत आहे, पण आत तो हादरला असणार. पैसे न देता गेला, त्या अर्थी घाबरला.
उद्यापासून कॉफी डाव्या हातानं.

२२ नोव्हेंबर
मेव्हणे भागवत आले. बेबीनंदाचे थोरले भाऊ, हसनाबादचे. मोंढ्यात सोयाबीन घालायला आले होते, सोबत गावातले दोघं. एक कॉफी सांगितली आणि दोन रिकामे कप मागितले. मी नियमाकडं बोट दाखवलं. प्लास्टरचंच.
भागवत शांतपणे म्हणाले, "दाजी, चहा वाटून पेल्याशिवाय आमच्या घशाखाली उतरत न्हाई. कप आणा."
मी म्हटलं, हा चहा नाही. ते म्हणाले, मंग कॉफी वाटतो. मी म्हटलं, मेव्हणे असाल तर घरी. आणि खांद्याला धरून उठवायला गेलो. नंतर त्यांनी एकच दिली. आवाज मशीनपेक्षा मोठा आला. टेबलावरून पडलो ते बरणीवर, बरणी माझ्यावर. एक दात मी तिथंच सोडला, नात्यात ताणून धरू नये म्हणून. जाताना ते कप धुवून ठेवून गेले.
घरी गेलो तर बेबीनंदा भावाला चहा देत होती. बशीत. दोघांनी माझ्याकडं बघितलं आणि परत बशीकडं वळले. माझ्या तोंडातून रक्त येत होतं, हे निदान विचारायला हवं होतं. वाईट वाटलं.

१४ जानेवारी २०२१
मशीननं दगा दिला. वाफेची नळी सुटून दूध सरळ छातीवर. फोड आले. मी मशीनला लाथ घातली. उजव्या पायाचा अंगठा मोडला. दुसरी लाथ डाव्या पायानं घातली, न्याय म्हणून. मशीन कायमची बंद.
म्हणजे जिंकलो. आता सगळी कॉफी हातानं फेटणार. मूळ पद्धत हीच.

१० एप्रिल
पुन्हा सगळं बंद, फक्त पार्सल. आणि आज कळलं की मस्तगडात माझा शत्रू आहे.
घरोघरी सकाळी सातला सुशीलाची पाकिटं येतात. मुरमुरे भिजवून, हिरवी मिरची, शेंगदाणे, वर कोथिंबीर, केळीच्या पानात बांधून. फोन केला की दारात. पोह्यांचीपण. लोक म्हणतात घरचं आहे, स्वच्छ आहे, काही भीती नाही. आदिनाथच्या हातातलं पाकीट हिसकावून घेतलं. त्यानं मनगट पिरगाळलं, पण घास मी खाल्लाच.
आण्णांच्या हॉटेलची चव. तंतोतंत. कुणीतरी आमची चव चोरली.
संकल्प : उद्या पाचला उठणे, पाकीटवाल्याला पकडणे, दोन्ही पाय मोडणे.

११ एप्रिल
उठलो. सव्वाआठ. पाकिटं येऊन गेली.

१२ एप्रिल
साडेआठ. अंगठा दुखतो म्हणून.

२ मे
बेबीनंदा हल्ली चारला उठून बाहेर जाते. मॉर्निंग वॉक असणार. तब्येतीला जपते. बोटं सारखी पिवळी दिसतात, म्हणजे हळद लावते. कोरोनाला चांगली.
अजून बोलत नाही. भांडी आपटते. आधी आवाजावरून राग कळायचा, आता तेवढा राग राहिलेला नाही, कामाच्या घाईत असल्यासारखी आपटते. मला राग बरा वाटत होता.

१९ मे
घरातल्या स्टॉकमधली कॉफी कमी होतेय. दर आठवड्याला एक बाटली. उंदीर. बाटलीचं झाकण उघडून परत लावणारा उंदीर मी पहिल्यांदाच ऐकला, पण मस्तगडातले उंदीर जुने आहेत. सापळा लावला.

२० मे
सापळ्यात बोट. माझं. सकाळी विसरून साखर काढायला गेलो. आता उजव्या हाताची तीन बोटं कामातून गेली. बेबीनंदानं सापळा उघडून बोट सोडवलं, पट्टी बांधली. तोंडातून शब्द नाही. पट्टी मात्र घट्ट न बांधता बरोबर बांधली.

३ सप्टेंबर
आजची गिऱ्हाइकं : आदिनाथ. त्यानं कॉफी घेतली आणि खिशातून केळीच्या पानाचं पाकीट काढून सोबत खाल्लं. माझ्या हॉटेलात. मी खुर्ची उचलली. मग ठेवली. तो उठून गेला असता तर आजची गिऱ्हाइकं शून्य लिहावी लागली असती.
उद्या पाचला नक्की.

१४ फेब्रुवारी २०२२
पुण्याच्या ऑफिसानं सगळ्यांना बोलावलं. चौघं आधीच गेले होते, आज आदिनाथ. मी त्याची बॅग धरली. त्यानं ओढली. मी धरली. पट्टा तुटला आणि मी मागच्या मागे नालीत.
त्यानं हात देऊन बाहेर काढलं. म्हणाला, "काका, कॉफी तिथं चौकाचौकात मिळते. याद येईल ती सुशीलाची."
मारायला हवं होतं. हात वर गेलाच नाही. रिक्षा वळेपर्यंत उभा राहिलो आणि तिथंच रडू आलं. कपडे नालीत भिजले होते, त्यामुळं कुणाला कळलं नसेल.
आण्णांच्या हॉटेलात आज कुणीही बसलेलं नाही. बत्तीस वर्षांत असं झालं नव्हतं. हे मी केलं का? नाही. पाकीटवाल्यानं.

९ मार्च, पहाटे ४.५०
दात नव्हता त्याच्या शेजारचा दात ठणकला आणि जाग आली. देवाची मर्जी. बेबीनंदा वॉकला गेलेली. खुंटीवरची काठी घेतली. आज रक्त सांडणार. माझं नाही.

त्याच दिवशी, सकाळी ८
सगळं लिहून ठेवतो.
सलीमभाईच्या हॉटेलच्या मागच्या खोलीत उजेड होता. मिरचीच्या फोडणीचा ठसका रस्त्यापर्यंत. मी ओरडून दाराला लाथ घातली. दार नुसतं लोटलेलं होतं. मी थेट आत, मुरमुऱ्यांच्या पोत्यावर तोंडावर पडलो. काठी सुटून घरंगळत चुलीपाशी गेली.
मान वर केली. समोर आण्णांची कढई.
तीच. काठाला तिची ती जुनी चीर. कढईमागे बेबीनंदा, पदर खोचलेला, हातात झारा. बाजूला सलीमभाई केळीची पानं पुसत होता. मी कान झाकला. कुणी मारलं नाही.
सलीमभाईनं खाली बघत सांगितलं. भंगारवाल्याकडून त्यानं त्याच संध्याकाळी कढई सोडवली. घरी आणली असती तर मी परत विकली असती, म्हणून इथं ठेवली. वहिनींना जागा दिली. दीड वर्ष झालं. रोज ऐंशी पाकिटं जातात, शनिवारी शंभर. टाकीचं झाकण म्हणालो, माफ करा, असंही म्हणाला. मी म्हटलं, मला माहीत होतं. दोघांनी मान खाली घातली. हसत असावेत.
काठी उचलायला गेलो. बेबीनंदानं ती आधीच घेतली होती. गुडघ्यावर मोडली आणि दोन्ही तुकडे चुलीत सारले. मग सतरा महिन्यांनंतर माझ्याशी बोलली.
"दारात उभं राहू नका, उजेड अडून राह्यला. कांदा घ्या."
चार किलो कांदा चिरला. अंगठा कापला. डोळ्यांतून पाणी आलं, ते कांद्याचं होतं, पण सगळं नाही.
पाकिटं संपल्यावर ती भिंतीला टेकून बसली. फळीवरून माझ्या स्टॉकमधली बाटली काढली. सलीमभाई म्हणाला, वहिनी त्याच्यावरच पहाटे जाग्या राहतात, इतके दिवस रोज एक कप. तिनं स्टीलच्या वाटीत फेटायला घेतलं. मी मोजले. चारशेच्या वर गेली, हात थांबला नाही, वाटीही फुटली नाही. इतका घट्ट फेस मला कधी जमला नाही.
दूध ओतलं. फेस फुंकून कडेला सारला. अर्धी कॉफी बशीत ओतली, बशी माझ्याकडं सरकवली आणि उरलेली कपातून स्वतः प्यायला लागली.
तिन्ही नियम एकदम मोडले. मी बशीतली प्यालो आणि पुढचा कांदा घेतला.